गाडीची आगोट

कोकणात रोहिणी नक्षत्र लागले की आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, घाई सुरू होते. सरपण पडवीत रचले जाते, घर शाकारून होते, पश्चिमेच्या भिंतीला झडीचा मार बसू नये म्हणून झावळ्यांचा आडोसा उभा राहतो, सुकी मासळी आणि आमसुले बरण्यांत बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे होड्या वर ओढून, तळाला चिकटलेले शिंपले खरवडून, वाळवून आणि मग झाकून ठेवल्या जातात. या सगळ्या कामांचा क्रम ठरलेला आहे. आधी साफ करायचे, मग वाळवायचे, शेवटी झाकायचे. ओल्या लाकडावर कोणी झाकण घालत नाही आणि पाऊस लागल्यावर कोणी छपरावर चढत नाही. आज त्याच अंगणात आठ-दहा लाखांची मोटार उभी असते. कर्ज काढून घेतलेली असते, घरातली घरानंतरची सर्वांत महाग वस्तू असते, पण तिची आगोट कोणी करत नाही. तिची आठवण होते ती दसऱ्याला, म्हणजे पावसाने चार महिने आपले काम करून झाल्यावर. मग तिला पॉलिश होते, झेंडूचा हार चढतो. ही उलटापालट मला गंभीर वाटते. ऋतू पालटण्याआधी गाडीच्या रंगासाठी जे करावे लागते त्यात चकाकीचा वाटा फार थोडा आहे. मीठ-माती काढून टाकणे आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट मोकळी ठेवणे, हे खरे काम. आपला पैसा आणि आपली नजर मात्र दिसणाऱ्या पृष्ठभागावरच खिळलेली असते.

रंग म्हणजे नेमके किती, हे आधी मोजून पाहू. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा संस्कार होतो. मग संपूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर प्रायमर चढवतात. याला ई-कोट म्हणतात आणि तो सुमारे २० मायक्रॉन जाड असतो. त्यावर साधारण ३० मायक्रॉनचा दुसरा प्रायमर, त्यावर १५-२० मायक्रॉनचा प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १३० मायक्रॉन. केंद्र सरकारच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्या वापरायला बंदी आहे. म्हणजे वैशाखातले ऊन, श्रावणातली झड, खारा वारा आणि खडीची धूळ या सगळ्यांपुढे पत्र्याचे रक्षण करायला जे उभे आहे, ते बाजारातल्या एका पिशवीएवढे जाड आहे, आणि ज्याला आपण चकाकी म्हणतो तो थर त्या पिशवीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. अतिनील किरण शोषणारी रसायने याच वरच्या थरात मिसळलेली असतात. खालचा रंग विटू नये म्हणून ती स्वतः झिजतात. तो थर पातळ झाला की त्याखालचा रंग उघडा पडतो आणि छपरावर, बॉनेटवर पांढुरके, सोललेल्या कातडीसारखे चट्टे उठतात. त्याला पॉलिश हा उपाय उरत नाही.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर गॅरेजात नेऊन ‘रबिंग मारून’ घेण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच मला घातक वाटते. ती मूर्खपणातून आलेली नाही, तिला इतिहास आहे. जुने रंगारी अजूनही फवाऱ्याच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे नाव. १९२४च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा आला आणि पुढे जगभर पसरला. त्या काळच्या रंगात, आणि नंतरच्या अॅम्बॅसेडर-पद्मिनीच्या एनॅमलमध्येही, वर वेगळा पारदर्शक थर नसे. रंग वरपासून खालपर्यंत एकच. उन्हाने वरचा भाग खडूसारखा झाला की तो घासून काढायचा, खालून ताजा रंग निघायचा. त्या गाडीला रबिंग हे औषध होते. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर तेच औषध दर खेपेला एक-दोन मायक्रॉन, हात जड असेल तर त्याहून अधिक, खरवडून नेते. आणि नेते ते नेमके संरक्षक थरातून. गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते खरी, पण पुढच्या उन्हाळ्याला तोंड द्यायची तिची ताकद तेवढी कमी झालेली असते. खोल ओरखडा असेल, पक्ष्याच्या विष्ठेचा डाग रुतला असेल, तर त्या जागेपुरते पॉलिश करावे. वर्षाचा नेम म्हणून सगळ्या अंगावर चाक फिरवू नये.

आता मीठ. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात हे शाळेत शिकवतात; पण त्या पाण्याला पावसाची गरज नसते, हे सहसा सांगितले जात नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. त्यात मीठ असेल तर गोष्ट आणखी बिघडते. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते ३३ टक्क्यांनाच ओले होते. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे वर्सोवा, अलिबाग, मालवण किंवा पणजीत उभ्या असलेल्या गाडीच्या सांध्यांत बसलेले मीठ जवळजवळ बारमाही ओले असते. पावसाचा एक थेंब न पडताही गंजाची भट्टी पेटलेली असते. एप्रिल-मेमध्ये समुद्रावरून जोराचा वारा येतो, मीठ साचत जाते आणि ते धुऊन न्यायला पाऊस नसतो. पुढे जोराचा पाऊस आला की उघडे पत्रे स्वच्छ धुतले जातात, मग आपल्याला वाटते, निसर्गानेच काम केले. पण मडगार्डच्या आत, दाराच्या खालच्या घडीत, फूटबोर्डखालच्या पोकळ पट्टीत पावसाची धार पोहोचत नाही. पोहोचते ती फक्त ओल. तिथले मीठ वाहून जाण्याऐवजी विरघळून आणखी आत शिरते. आडोशाची जागा उघड्या जागेपेक्षा जास्त सडते, हे या शास्त्रातले जुने निरीक्षण आहे. बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात त्या उत्तर अमेरिकेच्या भागांत राहणारी मराठी माणसेही हे जाणतात. तिथे मीठ पांढरे, डोळ्यांना दिसणारे असते, म्हणून हिवाळ्याआधी गाडीखाली तेल किंवा मेण फवारून घेणारे बरेच. आपले मीठ वाऱ्यातून येते आणि दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून आगोटीतले पहिले काम हे, की मेच्या अखेरीस एकदा गाडी खालून आणि मडगार्डच्या आतून साध्या गोड्या पाण्याने नीट धुवावी आणि मग दोन दिवस उन्हात कोरडी होऊ द्यावी. या धुण्याला शांपूही लागत नाही.

दुसरे काम याहून लहान आणि याहून दुर्लक्षित. मोटारीत पाणी शिरतेच. दाराच्या काचेच्या रबरी पट्टीतून ते दाराच्या पोटात उतरणार हे गृहीत धरूनच गाडी बांधलेली असते. म्हणून प्रत्येक दाराच्या तळाशी दोन-तीन भोके ठेवलेली असतात. वायपरखालच्या जाळीत पडलेल्या पाण्याला दोन्ही बाजूंनी खाली जायला वाट असते. छतावर सरकती काच असेल तर तिच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांतून खाली उतरतात. मे महिन्यात गुलमोहोर फुलतो, त्याची करंगळीच्या नखाहून बारीक पाने झडत असतात. पर्जन्यवृक्षाची पाने आणि फुलांचे तुरे त्यात भर घालतात. मुंबई-पुण्यात सावलीची जागा म्हणजे बहुधा याच झाडांखालची. ही पाने त्या जाळीतून आत जातात, धुळीत कालवली जातात आणि पहिल्या सरीनंतर त्यांचा चिखल होऊन भोके बंद पडतात. मग दाराच्या तळाशी बोटभर पाणी साचून राहते, नेमके त्या जागी जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो आणि दुमडीच्या आत रंग धड पोहोचलेला नसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून फुगतो आणि बाहेरच्या रंगाला फोड येतो. मालकाला फोड दिसतो तेव्हा तो म्हणतो, रंग खराब निघाला. वस्तुतः रंगाने शेवटपर्यंत दम धरलेला असतो. पत्रा पाठीमागून गेलेला असतो. यासाठी गॅरेजात जायला नको. वायपरखालची पाने हाताने वेचावीत, दाराच्या तळाची भोके प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी करावीत. तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नये, त्याने भोकाच्या काठचा प्रायमर खरवडला जातो आणि आपणच गंजाला दार उघडतो. गाडीभर हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि माझ्या मते वर्षभरातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे.

बाजार याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला उभा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नव्या गाडीबरोबर ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकले जात असे. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तव्यावर ते पक्के बसवायला याहूनही जास्त तापवावे लागते. गाडीवर कापडाने चोळून तो गुण येणे शक्यच नव्हते. चकाकी होती ती सोबतच्या मेणाची. आता त्या जागी सिरॅमिक आले आहे. सिरॅमिक खोटे नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. सिलिकावर आधारलेला हा थर रंगाला खरोखर चिकटतो, पाणी झटकतो, धूळ कमी धरतो आणि धुणे सोपे करतो. पण तो एक-दोन मायक्रॉनचा असतो, कित्येकदा त्याहून पातळ. जाहिरातीतले ‘९एच’ वाचून तो दगडासारखा कठीण असल्याचा समज होतो; ते माप खनिजांच्या काठिण्याचे नसून शिसपेन्सिलीचे आहे. सर्वांत कठीण पेन्सिलीने, ठरावीक दाबाने, त्यावर ओरखडा उमटत नाही एवढाच त्याचा अर्थ. आपल्या रस्त्यावरची धूळ बेसॉल्टच्या खडीची आणि वाळूची असते. तिच्यातली खनिजे पेन्सिलीतल्या शिसापेक्षा फार कठीण आहेत. आणि मुख्य मुद्दा असा, की हा थर कितीही चांगला असला तरी दाराच्या पोटात, दुमडीत, मडगार्डच्या आत तो कोणी लावत नाही. पाऊस जिथून गाडीत शिरतो त्या वाटेवर त्याचा पहारा नाही. ज्याला परवडते त्याने तो जरूर लावावा, पण आगोट झाली असे समजू नये.

साध्या मेणाविषयी मला वेगळा जिव्हाळा आहे. गाडीच्या मेणातले मोलाचे द्रव्य कार्नौबा ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. कोरड्या ऋतूत पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच्या पानांवर हा लेप चढवते. ऋतुबदलाला तोंड देण्यासाठीच झाडाने घडवलेली वस्तू आपण त्याच कामाला वापरतो. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते. मेमध्ये नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात काळ्या गाडीचे बॉनेट सत्तरीच्या पुढे सहज जाते, तेव्हा त्याचा टिकाव आठवड्यांत मोजायचा, महिन्यांत नाही. तरीही पावसाच्या तोंडावर एक हात आणि पाऊस सरल्यावर एक हात एवढे पुरते, कारण मेणाचा खरा उपयोग असा, की रंगावर जे पडायचे ते आधी मेणावर पडते. आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकट स्राव, त्यावर धरणारी काजळी, कबुतरांची विष्ठा, या गोष्टी तापलेल्या क्लिअर कोटमध्ये रुततात. मेण असेल तर दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने निघतात. मेण नसेल तर डाग राहतो आणि मग पुन्हा रबिंगचा मोह होतो.

प्लास्टिक आणि रबर यांविषयी थोडक्यात. बंपरखालचे आणि चाकांवरचे न रंगवलेले काळे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असते. उन्हाने त्याचा वरचा थर फुटून राखाडी होतो. बाजारातले तेलकट ड्रेसिंग त्याला दोन दिवस काळे दाखवते आणि धूळ धरते; अतिनील किरणांपासून बचाव करणारे, सुकल्यावर हाताला न लागणारे द्रव्य शोधावे. दाराच्या बिडिंगला मात्र हात राखून वागवावे. ते रबर ऊन आणि ओझोन सोसणारे असले तरी खनिज तेलाने फुगते आणि सैल पडते. त्याला सिलिकॉनचे ग्रीस, तेही पातळ. याच कारणाने मेमध्ये गाडीखाली डिझेल आणि जळके ऑइल फवारण्याची गॅरेजातली जुनी रीत सोडायला हवी. पत्र्याला तेल पाजण्याची कल्पना बरोबर आहे, लाकडी होड्यांना माशाचे तेल पाजत तसेच ते आहे. पण जळके ऑइल सस्पेन्शनच्या रबरी बुशना खाते आणि पहिल्या पावसात ओढ्या-विहिरींत उतरते. त्याऐवजी पोकळ भागांत शिरणारे मेणाचे फवारे मिळतात. शोरूममध्ये विकले जाणारे जाड रबरी अंडरकोटिंगही डोळे झाकून घेऊ नये. दगड लागून त्याला चीर पडली की पाणी आत शिरते, बाहेर निघत नाही, आणि वरून सगळे काळेशार, ठणठणीत दिसत राहते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आताच्या गाड्यांना जस्ताचा मुलामा असतो, ई-कोट असतो. एवढी चिंता कशाला? प्रगती खरी आहे, आणि मोठी आहे. पण जस्त पत्र्याला वाचवते ते स्वतः झिजून. ते गंज थांबवत नाही, आधी आपला बळी देते. आणि क्षार व साचलेली ओल असेल तिथे ते भराभर संपते. शिवाय प्रत्येक गाडीच्या प्रत्येक पत्र्याला तो मुलामा असतो असेही नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : पाच-सात वर्षांत गाडी विकायचीच, बिघडले तर डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ. इथे एक गैरसमज फार महागात पडतो. कारखान्यात इंजिन-काचा बसण्याआधी रिकामा सांगाडा १४० अंशांच्या आसपास, ई-कोटच्या वेळी त्याहूनही जास्त, भाजलेला असतो. पूर्ण बांधलेली गाडी इतकी तापवता येत नाही. दुरुस्तीच्या चांगल्या भट्टीतही काम साधारण ६० अंशांवर होते, आणि ई-कोट तर पुन्हा चढवताच येत नाही. रंगाऱ्याने भरलेली लांबी सच्छिद्र असते. कडेने पाणी मिळाले तर ते पिऊन धरून ठेवते. म्हणून मूळ रंग एकदाच मिळतो. विकत घेणारा दलाल जाडी मोजायचे यंत्र दारावर टेकवतो तेव्हा तो हेच शोधत असतो. आणि ज्यांना सात वर्षांत गाडी बदलणे परवडत नाही त्यांचे काय? मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरअखेरीस झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस बाद झाली. वीस वर्षे खाऱ्या हवेत, वीस पावसाळे. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला पत्र्याचे आयुष्य हा हौसेचा विषय नसतो, आणि खासगी गाडीचीही पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करताना अधिकाऱ्यासमोर सडलेला पत्रा उभा राहतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्या मे महिन्यात मी गाडी धुवा म्हणतो, त्याच महिन्यात मराठवाड्यात टँकरपुढे रांगा लागतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा राज्यात गाडी धुण्याचा सल्ला देताना हिशेब मांडलाच पाहिजे. साध्या नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. पाऊण तास नळी सोडून गाडी धुणे हा अन्याय आहे, मग तो मे असो वा नोव्हेंबर. पण वर सांगितलेले काम तीन-चार बादल्यांत होते, वर्षातून दोनदाच तसे करायचे असते, आणि समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत त्यातले मिठाचे कारण उरतच नाही; तिथे भोके आणि ऊन एवढ्याकडेच पाहावे. खरी उधळपट्टी रोजच्या धुण्यात आहे. सोसायट्यांत पहाटे एक माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या पुसतो. गाडीमागे महिन्याकाठी मिळणाऱ्या चारशे-पाचशे रुपयांत त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करणे चूक आहे. पण चौथ्या गाडीपासून ते पाणी म्हणजे खडीच्या धुळीचा काला असतो, आणि उन्हात बॉनेटवर दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक ओरखड्यांची वर्तुळे बहुतांशी त्यातूनच येतात. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा, दोन स्वच्छ बादल्या आणि दोन फडकी देऊन, त्याच पैशांत हे काम करून घेतले तर पाणी वाचते, रंग वाचतो आणि त्या माणसाचे कष्टही हलके होतात. बोअरचे जड पाणी असेल तर उन्हात सुकू न देता लगेच पुसावे, नाहीतर चुन्याचे ठिपके रंगात बसतात.

आता दुसरा ऋतुबदल, पाऊस सरण्याचा. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते. हस्ताचा पाऊस ओसरला, आकाश निळे झाले, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की गाडी कोरडी झाली असे वाटते. वरून ती कोरडी असतेही. पण मडगार्डच्या आतल्या कडेवर चार महिन्यांचा लाल-काळा चिखल थापलेला असतो आणि तो स्पंजासारखा कार्तिकापर्यंत ओल धरून राहतो. उष्णता वाढल्याने त्या ओलीतला गंज उलट वेगाने धावतो. त्यावर रोज रात्री ताडपत्रीसारखे न झिरपणारे कव्हर घातले, तर आतली वाफ बाहेरही जात नाही. दसऱ्याचा हार आणि कुंकवाची बोटे चार दिवस बॉनेटवर सुकत राहिली असतील तर ती आधी पाण्याने भिजवून, न घासता काढावीत. मग मडगार्डच्या कडेमागे हात घालून तो चिखल बोटांनी सोडवावा, दाराच्या तळाच्या भोकात केबल टाय फिरवावी. पहिल्यांदा काही होत नाही. मग बारीक काळी धार लागते, तिच्याबरोबर गुलमोहोराची कुजलेली पाने येतात, आणि धार स्वच्छ होत थांबली की चारही दारे सताड उघडून गाडी दुपारपर्यंत उन्हात ठेवावी.